आठ फेडरचा कंट्रोलर धम्मशीलाकडेच जाईल

मी, भगवंत तुळशीराम मेहेत्रे, वय ६९ वर्षे, धंदा लाऊडस्पीकर व ध्वनिमुद्रण, राहणार धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करावे ते आज लिहून ठेवत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही, फूस लावलेली नाही. फूस लावली की ऐकणाऱ्यांतला मी असतो तर घरच्यांनी मला केव्हाच वळवले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

काचबिंदूने माझे दोन्ही डोळे गेले आहेत. उजव्याला भर उन्हात खिडकी कुठे आहे एवढे कळते, डाव्याला तेही नाही. डोके मात्र शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी वार, महिना, मुलांची नावे विचारली, ती मी सांगितली. त्यांच्या दवाखान्यातला पंखा एका बाजूने घासतो आहे, हेही सांगितले. दाखल्यात त्यांनी पंख्याचा उल्लेख केलेला नाही.

मजकूर मी बोललो आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिका मंजुश्रीबाई यांनी लिहिला. मधले टोमणे गाळू का, असे त्यांनी दोनदा विचारले. गाळू नका, असे मी दोनदा सांगितले.

या कागदात भांडणाची गोष्ट एकच आहे. बाजाररस्त्यावरची रेकॉर्डिंगची खोली, तिच्यातला कॉम्प्युटर, माइक आणि आठ फेडरचा कंट्रोलर मी धम्मशीला प्रेमानंद हिवाळे हिला देत आहे. बाकीचे वाचायचा कंटाळा असेल त्यांनी एवढेच वाचून भांडायला सुरुवात करावी.

१. राहते घर मी स्वतःच्या कमाईने बांधले. ते माझी पत्नी सत्यभामा हिला तिच्या हयातीपर्यंत, आणि तिच्यानंतर मुलगा अविनाश व मुलगी अर्पिता यांना निम्मे-निम्मे. सत्यभामाने पुढच्या खोलीत राहायचे की मागच्या, हे ती ठरवेल. बँकेतली ठेवही तिचीच. पासबुक कुठे आहे हे तिला माझ्याआधीपासून माहीत आहे. वडिलांच्या शेतातला माझा हिस्सा कायद्याने जिकडे जायचा तिकडे जाईल, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

२. ॲम्प्लिफायर, बॉक्स आणि वायरींची पेटी अविनाशला. त्याचे कृषी केंद्र आहे, मेळाव्यांना उपयोगी पडेल. अविनाश वाईट नाही. त्याला रिकामी जागा दिसली की तिथे खताची पोती दिसतात, एवढाच त्याचा दोष.

३. लोखंडी भोंगे चार आहेत. तीन शाळेला द्यावेत. चौथा वाकलेला आहे, तो धम्मशीलाच्या घरी द्यावा. का, ते सांगतो. एकोणीसशे शहात्तर साली मी धंदा सुरू केला तेव्हा भोंगे बांधायला माझ्यासोबत प्रेमानंद हिवाळे होता, म्हणजे धम्मशीलाचा बाप. चिंचेच्या शेंड्यावर चढून वारा कुठून येतो ते बघून तो भोंगा फिरवायचा, आणि आवाज दोन कोसांवर जायचा. हा भोंगा त्याच्या हातून एकदाच निसटला, पावसाने फांदी ओली होती म्हणून. लग्नात मात्र जेवणाची हाक आली की मी मांडवात पंगतीला बसायचो आणि प्रेमानंदला पत्रावळ मांडवाच्या बाहेर, जनरेटरजवळ मिळायची. मी कधी उठलो नाही. बावीस वर्षे मला ते दिसत होते, तेव्हा तर माझे डोळे चांगले होते. लोक आता म्हणतील, म्हाताऱ्याने बापाचे पाप लेकीला खोली देऊन धुतले. तसे नाही. ते पाप धुतले जात नाही, आणि खोली ही काही साबणाची वडी नाही. खोली मी तिला देतो कारण तिला काम येते. धाडमध्ये दुसऱ्या कोणाला येत असेल त्याने समोर यावे.

४. ही खोली १९९८ साली मी विकत घेतली. ती वडिलोपार्जित नाही. खरेदीखत पत्र्याच्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली या कागदासोबत आहे. या खोलीत भजने रेकॉर्ड झाली, भीमजयंतीची गाणी झाली, शाळेची स्वागतगीते झाली, निवडणुकीच्या गाडीवर वाजणारे 'ताई-माई-अक्का' झाले. आठवडी बाजारात गोकुळचे 'लसूण घ्या, उटीचा नाही, गावचा' वाजते, तेही इथलेच. बाजारात लोक त्याला खऱ्या नावाने न बोलावता 'गावचा' म्हणूनच हाक मारतात.

डोळे जाऊ लागले तसा मी माउसने काम करणे सोडले. बाण कुठे आहे ते दिसत नसेल तर माउस हा नुसता साबण. चौदा महिने खोली बंद होती. त्या काळात अविनाशने तिच्यात युरियाची पोती रचली. मी विचारले तर म्हणाला, बाबा, तुम्हाले दिसत नाही, मंग स्टुडिओ कोणासाठी ठेवू? त्याचे उत्तर धम्मशीला घेऊन आली. ती सतराव्या वर्षी कोरसमध्ये गायला या खोलीत आली होती आणि पुढे माझ्याच शेजारी बसून काम शिकली होती.

तिने सांगितले, "काका, माऊस डोळेवाल्यांसाठी हाय. तुमच्यासाठी बोटानं चालणारं असतं, मी पाह्यलं."

संभाजीनगरचा एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून तिने हा जुना कंट्रोलर आणला. एसटीत मांडीवर, शालीत गुंडाळून. कंडक्टरने हार्मोनियम समजून लगेजचे तिकीट फाडले.

कंट्रोलर म्हणजे काय, हे कोर्टाला समजावे म्हणून सांगतो. गावात त्याला मिक्सर म्हणतात, तो मिक्सर नाही. त्याच्यातून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात. आवाज कॉम्प्युटरमध्ये असतो. कंट्रोलरवर आठ खालीवर सरकणाऱ्या पट्ट्या आहेत, त्यांना फेडर म्हणतात. एक पट्टी म्हणजे एक आवाज: गाणारा, ढोलकी, टाळ, पेटी. पट्टी वर केली की तो आवाज वाढतो. पट्टीखाली मोटर असल्याने कॉम्प्युटरमध्ये आवाज बदलला की पट्टी आपोआप तिथे जाऊन थांबते. डोळसाला जे पडद्यावर दिसते ते मला बोटाला कळते. पट्टीवर बोट ठेवले की मोटर हट्ट सोडते आणि बोटाचे ऐकते. कोणाचे बोट आहे, हे ती विचारत नाही. धाडमध्ये असे वागणारे दुसरे काही मला माहीत नाही, आणि ही गोष्ट पुढच्या कलमात लागणार आहे.

ते यंत्र लावायला आम्हाला अकरा दिवस लागले. मी पट्टी सरकवली की पडद्यावरची हलायची, पण पडद्यावर हलवले की माझी पट्टी मेलेली. अविनाशने सातव्या दिवशी ते भंगार ठरवले. धम्मशीला रोज येऊन एकेक सेटिंग मला वाचून दाखवायची. अकराव्या दिवशी तिच्या लक्षात आले की सॉफ्टवेअरमध्ये आम्ही फक्त 'इनपुट'च्या रकान्यात कंट्रोलरचे नाव निवडले होते. 'आउटपुट'चा रकाना रिकामाच होता. म्हणजे कंट्रोलरचे कॉम्प्युटर ऐकत होता, पण उलट उत्तर पाठवायला त्याला रस्ताच दिलेला नव्हता. तिने दुसरा रकाना भरला, स्विच बंद करून चालू केला, आणि आठही पट्ट्या एकदम वर जाऊन खाली आल्या. माझा हात त्यांच्यावर होता. मी घाबरून हात काढला नाही, असे मी सगळ्यांना सांगत आलो. सत्यभामा म्हणते काढला. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून लिहितो: काढला.

पुढे जो कोणी ते यंत्र लावेल त्याच्यासाठी: वायर सरळ कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावावी, मध्ये जोडडबा, म्हणजे हब, नको. पहिल्या पट्टीचे 'सिलेक्ट' बटण दाबून धरूनच स्विच चालू करावा, नाहीतर यंत्र भलत्याच सॉफ्टवेअरची भाषा बोलू लागते. आधी कंट्रोलर, मग सॉफ्टवेअर. दोन्ही रकाने भरावेत. पट्ट्यांवर सत्यभामाच्या टिकल्या चिकटवल्या आहेत, एकीवर एक, दुसरीवर दोन अशा. त्या काढू नयेत.

आणि दसऱ्याला त्याची पूजा लांबून, नुसत्या फुलाने करावी. पहिल्या दसऱ्याला सत्यभामाने प्रत्येक पट्टीला ओले हळदकुंकू लावून वर अक्षता वाहिल्या. हत्यार हाय ते तुमचं, मंग पूजा नको का, हे तिचे म्हणणे. म्हणणे बरोबरच होते. पण अक्षतेचा दाणा चौथ्या पट्टीच्या फटीत गेला, त्यावर कुंकवाचा चिखल बसला, आणि पट्टी अर्ध्यात अडकून रात्रंदिवस गुरगुरू लागली. धम्मशीलाने सोने वाटायला जायचे सोडून यंत्र उघडले आणि स्पिरिटच्या बोळ्याने संध्याकाळपर्यंत साफ केले. सत्यभामाने त्या दिवशी तिला स्वयंपाकघरात बसवून जेवू घातले. आमच्या घरात ते पहिल्यांदा झाले. पुढाकार माझा नव्हता, बायकोचा होता.

५. माझा धाकटा भाऊ किसनराव याला मी काहीही देत नाही. मात्र त्याच्याविषयी एक खरी गोष्ट सांगतो, ती चार वर्षे मी दडवून ठेवली.

किसनराव भजनी मंडळाचा अध्यक्ष आहे. धम्मशीला यंत्राला हात लावते म्हणून त्याने आधी सांगितले होते की त्या यंत्रावर देवाचे नाव नको. २०२१ साली बुलढाण्याच्या स्टुडिओत उत्सवाआधीची तारीख मिळेना, तेव्हा तो नाइलाजाने माझ्याकडे आला. अट घातली: रेकॉर्डिंगच्या वेळी ती खोलीत नको आणि नंतर त्या गाण्याला तिचा हात लागायला नको. मी अट मान्य केली. ती दोन दिवस रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बाकावर बसून राहिली.

त्या गाण्यात सोळा आवाज होते. कंट्रोलरला पट्ट्या आठ. 'बँक' नावाचे बटण दाबले की त्याच पट्ट्यांवर पुढचे आठ आवाज येतात. आपण पहिल्या आठांत आहोत की दुसऱ्या, हे छोट्या दिव्यावरून कळते, आणि दिवा मला दिसत नाही. एरवी धम्मशीला सांगायची. त्या दिवशी सांगायला कोणी नव्हते. मला दुसऱ्या आठांतला तीन नंबर, म्हणजे टाळ, कमी करायचा होता. मी होतो पहिल्या आठांत. तिथे तीन नंबर म्हणजे किसनरावाचा आवाज. तो मी तळापर्यंत ओढला आणि तसाच नोंदवून टाकला.

पेन ड्राइव्ह द्यायच्या आधी धम्मशीलाने नुसते ऐकले आणि म्हणाली, काका, किसनकाका गायब हायेत. मी पुन्हा ऐकले. खरेच नव्हता. आणि गाणे असे सुरात लागले होते की मी म्हणालो, राहू दे. चूक माझ्या बोटाची, पण ती तशीच ठेवायचे मी डोक्याने ठरवले. उत्सवात गाणे वाजले तेव्हा किसनराव गळ्यात हार घालून स्पीकरशेजारी उभा होता.

त्यानंतर त्याने गावभर सांगितले की हिवाळेच्या पोरीने मागाहून कॉम्प्युटरमध्ये शिरून डाव साधला. पारावर बोलला, बाजारात बोलला, तिच्या तोंडावर बोलला. तिची तीन मंडळांची कामे गेली. ती एकदाही म्हणाली नाही की हे काकांनी केले. मीही म्हणालो नाही. भावाशी वाकडे नको, एवढेच माझे कारण होते, आणि ते कारण थुंकण्याच्या लायकीचे आहे. बाप मांडवाबाहेर जेवला तेव्हा मी गप्प होतो आणि लेक रसवंतीच्या बाकावर बसली तेव्हाही मी गप्प होतो. धम्मशीलाचा काही दोष नाही. तिने त्या गाण्याला हात लावलेला नाही. मेल्यावर माफी मागणे हा भित्रेपणा आहे, म्हणून ती उद्या आली की मी हे तिला तोंडाने सांगणार आहे, आणि बाजाराच्या दिवशी पारावरही सांगणार आहे.

किसनरावाचा आवाज पुसलेला नाही. तो कॉम्प्युटरमध्ये सुटा आहे. ऐकायचा असेल तर त्याने खोलीत यावे आणि धम्मशीलाला विचारावे.

६. म्हणून पुन्हा लिहितो: कलम ४ मधली खोली व तिच्यातले सर्व सामान धम्मशीला प्रेमानंद हिवाळे हिच्या पूर्ण मालकीचे. तिने चालवावे, विकावे, कुलूप लावावे, तिची मर्जी. माझे नाव पाटीवर ठेवले नाही तरी चालेल. अंमलबजावणी मंजुश्रीबाईंनी करावी.

७. मागच्या महिन्यात अंगणात किसनराव अविनाशला सांगत होता, "आंधळ्याची सही कोर्टात दोन मिनिटं टिकत नाही. हिवाळेच्या पोरीनं काय लिहिलं अन् काय वाचून दाखवलं, कोणाले माहीत?" माझे डोळे गेलेत, कान गेलेले नाहीत, हे घरातले लोक वारंवार विसरतात. पण मुद्दा खरा होता. मला वाचून दाखवणारा माणूस असा हवा होता की तो धम्मशीलाच्या बाजूने खोटे वाचेल, असे धाडमधले शेंबडे पोरही म्हणणार नाही.

वाचनाची नोंद, वाचन झाल्यावर जोडलेली. असा माणूस एकच आहे. किसनरावाला मी निरोप धाडला की कागद तयार आहे, वाचायला ये. तो आला, कारण न येता त्याला अन्न गोड लागले नसते. धम्मशीला आज बुलढाण्याला आहे, तिला या कागदाची खबर नाही. खोलीत मी, किसनराव, मंजुश्रीबाई आणि गोकुळ. अविनाश दारात उभा होता. माइक चालू होता आणि वाचन पूर्ण रेकॉर्ड झाले आहे.

किसनरावाने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. खोलीच्या वाक्याशी थांबला, खाकरला, पुढे गेला. पाचव्या कलमात पेन ड्राइव्हची ओळ त्याने दोनदा वाचली.

मग म्हणाला, "दादा, हे तू केलं?"

मी म्हणालो, "मी केलं."

"चार साल मी तिले बोलून राह्यलो. तू ऐकत होता."

"ऐकत होतो. पुढं वाच."

त्याने पुढे वाचले. आवाज खाली गेला होता, पण एक शब्द सोडला नाही. तोवरचा मजकूर त्याने मला आणखी एकदा वाचून दाखवला, मी मागितले म्हणून. शेवटी कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "वाचलं. पण मले हे पटत नाही."

"पटल्याची सही मी मागत नाही," मी म्हणालो. "वाचल्याची कर."

मला अंगठा लावण्याचा सल्ला मिळाला होता, तो मी मानत नाही. मंजुश्रीबाईंनी ओळीखाली पट्टी धरली आहे, तिच्या कडेने मी सही करतो. वाकडी आली तरी ती माझीच समजावी.

ठिकाण: धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा
दिनांक: २१ जानेवारी २०२५

सही
भगवंत तुळशीराम मेहेत्रे
लिहून देणार

लेखन केले, काही गाळले नाही.
सही
मंजुश्री, निवृत्त शिक्षिका, धाड

साक्षीदार १: लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर स्वतः सही केली.
सही
गोकुळ, लसणाचे व्यापारी, धाड

साक्षीदार २ (स्वतःच्या हस्ताक्षरात): मी किसन तुळशीराम मेहेत्रे, लिहून देणाऱ्याचा सख्खा भाऊ. वरील मजकूर मी स्वतः मोठ्याने वाचला. माझ्याविषयी लिहिलेलेही वाचले. भाऊ पूर्ण शुद्धीत आहे आणि त्याने माझ्यासमोर सही केली. खोली हिवाळेच्या मुलीला देणे मला मान्य नाही. पण मी तिला चार वर्षे जे बोललो ते खोटे होते, हे मी आज माझ्याच तोंडाने वाचले आहे. त्यामुळे या कागदाविरुद्ध मी कोर्टात जाणार नाही, आणि अविनाशलाही जाऊ देणार नाही.
सही
किसन तुळशीराम मेहेत्रे